वर्गातली ताई



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझी शाळा दहावीला सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि मोफत वाचनालयात झाले. तेव्हा मोठा आव न आणता मी माझ्या वर्गातल्या एका मुलीविषयी बोलणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते. जूनमध्ये आम्ही नववीत गेलो तेव्हा लालबागच्या चाळींतली पितळेची भांडी मोडीत जाऊ लागली होती.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. धाकटी भावंडे सांभाळण्यापायी तिची दोन वर्षे बुडालेली. म्हणून वयाने मोठी. सारा वर्ग तिला ताई म्हणे. तिची आई खाणावळ चालवी. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या अशा बाया गिरणगावात पुष्कळ होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशांसाठीच. संपात जेवणारे गावी गेले आणि त्यांची उधारी वहीतच राहिली.

मधल्या सुटीत ताईने एक पद्धत पाडली. सर्वांनी आपले डबे तिच्याजवळ द्यायचे. ती पाठमोरी बसून ते उघडी, सगळे एका थाळ्यात काढी आणि सारखे वाटे करी. कोणाचा डबा रिकामा होता हे तिच्याशिवाय कोणाला कळत नसे. माझा कित्येक दिवस रिकामा असे. मुलाची लाज राहावी म्हणून आई तो घासून, झाकण घट्ट लावून देई. पुढे मी अनेक संपांत निधी जमवला, धान्य वाटले. मदत घेणाराची मान खाली जाऊ नये, हा धडा मला त्या थाळ्याने दिला.

आता मला लाज वाटते ती गोष्ट सांगतो. दिवाळीच्या सुटीनंतर ताई आली नाही. हजेरी घेताना मास्तर तिच्या नावापाशी क्षणभर थांबत. काही आठवड्यांनी थांबेनासे झाले. तिची खोली शाळेपासून दोन गल्ल्यांवर होती. आमच्यापैकी एकही जण गेला नाही. वाटले, ताई आहे, ती सांभाळून घेईल! तिला ताई म्हणता म्हणता ती सोळा वर्षांची, आमच्याच बाकांवर बसणारी विद्यार्थिनी आहे, हे आम्ही विसरून गेलो.

हा विसर शाळेपुरता राहिला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली, २००५ साली आशा योजना आली. या बायकांनाही आपण ताईच म्हणतो. त्या मुलांची वजने घेतात, गरोदर बाईच्या घरी जातात, रजिस्टरे भरतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या पैशाला मात्र पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २५ एप्रिल २०२२ रोजी; योजनेला तोवर सेहेचाळीस वर्षे उलटली होती.

कोणी म्हणतात, माया पैशात मोजू नये. मला ते मान्य आहे. पण श्रम मोजावे लागतात. साचेखात्यात कापडाचा वार न् वार मोजला जाई, तेव्हा कुठे विणकराची मजुरी ठरे. ताईचे श्रम आपण मायेच्या खात्यावर मांडतो आणि ते खाते कधी चुकते करत नाही.

मित्रहो, आपल्याही वर्गात अशी एखादी ताई असेल. त्या दोन गल्ल्या मी चाललो नाही, याची बोचणी मला आजही आहे. आपण निदान आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीपर्यंत जा आणि तिथल्या ताईला विचारा, “या महिन्याचे पैसे मिळाले का?”