वही आपल्या नावाची

(नावडे येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी ओळख करून देताना मी प्रत्येकीला विचारलं, तुमचा छंद काय? एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला कसले छंद? घर, पोरं, कामाची पाळी." नंतर चहा होईपर्यंत त्याच मावशींनी दोन धवले म्हटले. एकदाही न अडखळता. मी विचारलं, हे कुठून शिकलात? "ते असंच. आजी म्हणायची."

या 'असंच'बद्दल मला आज बोलायचं आहे.

आगरी लग्नात धवलारीण लग्नाचे विधी गाण्यांतून पार पाडते. कोणत्या विधीला कोणता धवला, पुढे काय, मागे काय, सगळं तोंडपाठ. यातल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. एखाद्या पुरुषाने एवढं पाठ केलं असतं तर आपण त्याला विद्वान म्हटलं असतं. बाईचं मात्र 'असंच'!

आता हळदीला डीजे लागतो. 1970 साली सिडको स्थापन झाली, पुढे इथल्या जमिनी गेल्या, तळोज्याला कारखाने आले. भातशेती गेली, तसे लावणीच्या वेळचे शब्दही गेले. मला एक धवलारीण आजी ठाऊक होत्या. त्यांची गाणी लिहून घ्यायची असं मी दोन वर्षं म्हणत राहिले. पावसाळ्यानंतर जाऊ, दिवाळीनंतर जाऊ. आजी गेल्या. माझ्याकडे त्यांचं एकही गाणं नाही. ही चूक माझी आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

बहिणाबाई चौधरींची गाणी आज घराघरांत आहेत. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी जी टिपून ठेवली तीच उरली. त्या 1951 साली वारल्या आणि पुस्तक निघालं 1952 साली! जात्यावर म्हटलेली आणि तिथेच विरलेली किती असतील?

आता दुसरी बाई बघा. कमलाबाई ओगले. शाळेचं शिक्षण फार नव्हतं. पण हाताला जे येत होतं ते त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात बसवलं, आणि 1970 साली त्यांचं 'रुचिरा' आलं. 'अंदाजाने घाल' हे नव्या सुनेला उपयोगाचं नसतं. माप लिहिलं की शिकवता येतं. स्वयंपाक तोच, पण लिहिल्यावर ती विद्या झाली, आणि पुस्तकावर नाव बाईचं आलं.

तुम्ही म्हणाल, आता लिहायचं कशाला, मोबाईल आहे. आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी 2020 साली नातवाच्या मदतीने आपल्या पाककृती यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. 'आपली आजी' लाखो लोकांनी पाहिली. त्याच वर्षी कोणीतरी ते चॅनेल बळकावलं. काही दिवसांनी ते परत मिळालं, पण तोवर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यातून आपण एवढं शिकायचं की मोबाईलवर ठेवलेलं वहीतही हवं, आणि पासवर्ड आपल्याला स्वतःला ठाऊक हवा. मुलगा, नातू मदत करतील. पण किल्ली आपल्याकडे.

लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. सातवीत शाळा सुटलेली एक जण मला म्हणाली, "सही सोडून वीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं." तिने गोधडीचे टाके लिहायला घेतले. कापड किती, दोरा किती, टाका कुठून सुरू. पहिल्या पानाला तीन दिवस लागले. मग मुलीला शब्द विचारू लागली, हिशेब मांडू लागली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं म्हणते. आधी तिच्या घरात आई मुलीला 'अभ्यास कर' म्हणायची, आता दोघी एका दिव्याखाली बसतात.

वेळ कुठे आहे, हे मला ठाऊक आहे. नवरा म्हणेल, काय लिहितेस एवढं? सासू म्हणेल, भांडी पडलीत. म्हणून एकटीने करू नका. आठवड्यातून एक दुपार चौघींनी एकत्र बसा. जिला लिहिता येतं तिने लिहावं, जिला येत नाही तिने सांगावं. गाणं असेल तर कोणत्या विधीचं ते लिहा. बोली आहे तशीच ठेवा, 'शुद्ध' करायला जाऊ नका. सांगणारीला विचारल्याशिवाय तिचं काही कोणाला दाखवू नका, आणि दाखवाल तेव्हा तिचं नाव आधी घाला. महिन्यातून एकदा ती पानं सगळ्यांसमोर वाचा.

मी येताना दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर मावशींचं नाव लिहिते आहे. मावशी, मघाचा पहिला धवला पुन्हा म्हणा. सावकाश म्हणा, मला लिहायचं आहे.