जुन्या लुगड्याचा बटवा

कापड सगळीकडून सारखें जुनें होत नाहीं. नऊवारी लुगडें रोजच्या वापरांत असलें म्हणजे बसण्याउठण्यानें त्याचें मधलें अंग प्रथम विरतें. काठाची वीण दाट असते, आणि पदराला घसट कमी लागते. म्हणून ते दोन्ही पुष्कळदा शाबूत राहतात. चोळीचेंही तसेंच. घामानें काखेंतलें कापड कुजतें, परंतु पाठीवरचा खण टवटवीत असतो. हा भेद ज्या गृहिणीनें ओळखला, तिला निम्मी विद्या साधली. सबंध लुगडें बोहारणीच्या पाटींत टाकून एखादें भांडें घेणें सोपें आहे. पण त्या मोबदल्यांत घरांतून काय जातें, याचा हिशोब आधीं मांडावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, हिंदुस्थानांत कापडावर सरकारी नियंत्रण आलें. इंग्लंडांत तर १९४१ पासूनच कपडे मोजून मिळत, आणि जुनेर दुरुस्त करून वापरावें असा प्रचार तेथील सरकार करीत होतें. मराठी घर मात्र टंचाईची वाट पाहत बसलें नव्हतें. बाळाची कुंची, पानसुपारीची चंची आणि कमरेस खोचावयाचा बटवा हे आपल्याकडे पूर्वापार घरच्या कापडांतूनच निघत आले.

बटव्यासाठीं तुकडा निवडतांना कापड उजेडासमोर धरावें. जेथें प्रकाश चाळणीसारखा गळतो, तेथें टांका टिकावयाचा नाहीं. रेशीम वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिलें, तर त्या घडीवरच चिरतें. ती रेघ टाळून तुकडा बेतावा.

तुकडा ८ इंच रुंद व १८ इंच लांब असावा. जुन्या धोतराचें त्याच मापाचें अस्तर पाठीशीं लावून दोन्ही कापडें धावदोऱ्यानें एकजीव करावीं. विरलेल्या रेशमाला भार सोसत नाहीं. भार अस्तरानें घ्यावयाचा व शोभा रेशमानें द्यावयाची. मग सुलट बाजू आंत ठेवून तुकडा मधोमध दुमडावा आणि दोन्ही बाजू शिवाव्या. मात्र वरचे ३ इंच मोकळे सोडावे. त्या मोकळ्या कडा मुडपून टांचाव्या. नंतर तोंडाकडचें कापड दीड इंच आंत घेऊन नेफा शिवावा व बटवा उलटावा. धोतराच्या काठांच्या पट्ट्यांचे दोन गोफ विणून एक डावीकडून व दुसरा उजवीकडून नेफ्यांत सर्वभर ओवावा, आणि प्रत्येकाचीं टोकें एकत्र गांठावीं. दोन्हींकडून ओढतांच तोंड चुण्या पडून मिटतें. उरलेल्या काठाची वेणीसाठीं फीत होते, किंवा मुलीच्या परकरावर कमरपट्टा शोभतो.

पैठणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आई गेल्यावर ट्रंकेंत एकच पैठणी निघते, मुली तिघी असतात, आणि मागण्यास कोणाचीच जीभ रेटत नाहीं. पैठणी पुन्हां घडी होऊन ट्रंकेंत जाते आणि घडीवरच फाटते. पैठणी धड असेल, तर तिला कात्री लावूं नये. एकीनें ती नेसावी व सांभाळावी. परंतु अंग फाटून पदर तेवढा उरला असेल, तर त्याचे तीन बटवे तीन घरीं जाऊं शकतात. हातमागाच्या पैठणीच्या पदराचें विणकाम दोन्ही अंगांनीं जवळजवळ सारखेंच दिसतें. त्यामुळें एक बाजू मळकटली असल्यास दुसरी वर घेतां येते.

हें काम शक्य तों आईच्या हयातींतच व्हावें. कोठें कापावयाचें, हें तिनें दाखवावें. तिच्या पश्चात् जो तुकडा वांटणीचा वाद ठरला असता, तोच तिच्या हातून मिळाला म्हणजे आहेर ठरतो.