सोन्याचा भुगा



नववीत सरांनी शिकवलं, सोनं गंजत नाही, सहजी कशाशी संयोग पावत नाही. मी विचारलं, "सर, अगदी बारीक भुगा केला तर?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मला माहीत नाही. शोध." त्या हसण्यामुळे पुढे बरीच वर्षं मी वर्गात प्रश्न विचारलेच नाहीत, हे आज सांगते.

मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, रसायनशास्त्र सुटलं. उत्तर मात्र अलीकडे वाचनात आलं. जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की आयर्न ऑक्साइडसारख्या ऑक्साइडवर सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण बसवले, तर उणे ७० अंश सेल्सिअसलाही ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करून देतात. एवढ्याशा कणात बरेचसे अणू पृष्ठभागावर आणि कडेला असतात. त्यांना शेजारी कमी, म्हणून वायूचे रेणू त्यांना चिकटू शकतात. खालचं ऑक्साइडही नुसता पाट नव्हे. सोनं आणि ऑक्साइड जिथे भिडतात, तिथे ही अभिक्रिया वेगाने होते. शिवाय ऑक्साइड कणांना जागेवर धरून ठेवतं. फार तापवलं, की कण सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि करामत संपते.

म्हणजे आपण नववीत होतो, तेव्हा उत्तर छापून आलेलं होतं. आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. सर, तुम्ही "शोध" म्हणालात, मला तीस वर्षं लागली. मित्रांनो, तुमच्या मुलांनी असं काही विचारलं, तर हसू नका, एवढंच.