यंत्राचा मजकूर आणि माणसाची साक्ष



यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर माणसाने लिहिल्यासारखा कसा वाटेल, असा प्रश्न हल्ली पुष्कळांना पडतो. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून अर्ज, मानपत्रे, श्रद्धांजलीची भाषणे घटकाभरात तयार होऊ लागली. त्यावर उपायही सुचविले जातात: लांब वाक्ये तोडावी, दोन गावरान शब्द पेरावे, एखादी चूक मुद्दाम ठेवावी. आमच्या मते हे नुसते सोंग आहे.

दूरचा दाखला नको. 2025 च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीचे पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत शिरले. माणसे दगावली, जनावरे मेली. या प्रसंगावर यंत्राला लिहावयास सांगा. ‘निसर्गाचा कोप’, ‘काळाचा घाला’, ‘होत्याचे नव्हते झाले’ असे शब्द ओळीने येतील. यंत्राला दोष तरी किती द्यावा? आजवर जे लिहिले गेले त्यावरून पुढचा संभवनीय शब्द कोणता, हे ते ताडते. आणि हे शब्द त्याने आमच्याच वर्तमानपत्रांतून, स्मरणिकांतून आणि (अभय असावे) अध्यक्षीय भाषणांतून उचलले आहेत. पाणी दारात किती वाजता आले, आधी कोणाला उठविले, दावे कापावयास विळा सापडला की नाही, हे मात्र ज्याच्या घरात पाणी शिरले त्यालाच ठाऊक. तो ते ज्या बोलीत सांगेल, ती तेलुगू, कानडी, उर्दू यांच्या शेजारात वाढलेली आमची बोली छापील मजकुरात फारच थोडी उतरली आहे.

दुसऱ्याच्या हाताने लिहिणे आम्हांस नवे नाही. 1948 पर्यंत निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू. मराठी कुणब्याला अर्ज करावयाचा तर तो अर्जनविसाकडे जाई. साचा अर्जनविसाचा, अंगठा कुणब्याचा. आतला मजकूर त्याला कळो वा न कळो, जबाबदारी अंगठ्याची. यंत्राच्या मजकुराखाली सही करणारे आम्ही आज त्याच जागी उभे आहोत. फरक एवढाच, की आम्हांला वाचता येते.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही दुसऱ्यांच्या आठवणींवरून. चक्रधरस्वामींच्या गमनानंतर, ज्याने जी लीळा पाहिली त्याला गाठून, खुंटवून विचारून त्यांनी ती लिहिली. पुढील प्रतींत तर भिन्न पाठ ज्याचे त्याच्या नावासकट नोंदलेले सापडतात. शब्द म्हाइंभटांचे, पण प्रत्येक गोष्टीमागे एक साक्षी उभा आहे.

तेव्हा नुकसानीचा अर्ज यंत्राने लिहावा, यास आमची हरकत नाही. शुद्धलेखन त्याने पाहावे. गट नंबर, पीक, क्षेत्र, पाणी आले ती तारीख आपण सांगावी. मग तो कागद ज्याचे नुकसान झाले त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि जेथे तो ‘असं नव्हतं’ म्हणेल तेथील ओळ खोडावी, ती कितीही गोंडस असो.