कारभार चालू ठेवून दप्तर हलविणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पानिपतात जमलेल्या मराठी मंडळींपुढे इतिहासाखेरीज अन्य विषयावर बोलणे हे धाडसच होय. तथापि आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे येथे आली ती तेलशुद्धीकरण कारखान्यासारख्या उद्योगांमुळे. १९९८ साली सुरू झालेला तो कारखाना जसा रात्रंदिवस चालतो, तसाच त्याचा हिशेबही अखंड चालावा लागतो. अशा अखंड चालणाऱ्या संगणकीय दप्तराचे स्थलांतर कसे करतात, हे मी आज थोडक्यात सांगणार आहे.

मोठ्या संस्थेचे दप्तर एका संगणकात मावत नाही. ते शेकडो तबकड्यांच्या एका मोठ्या कपाटात ठेवलेले असते. त्यास आमच्या व्यवसायात स्टोरेज ॲरे म्हणतात. साधारणतः पाच-सात वर्षांत हे कपाट जुने होते, सुटे भाग दुर्मिळ होतात, देखभालीचा खर्च वाढतो आणि दप्तर नव्या कपाटात हलवावे लागते.

मग काम थांबवून ते का हलवू नये? रेल्वेचे उदाहरण घेऊ. संगणकीय आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांस जोडली गेली. येथील खिडकीवर आपण झेलम एक्सप्रेसचे पुण्याचे तिकीट काढतो, त्याच क्षणी देशभर असंख्य खिडक्यांवर नोंदी होत असतात. मध्यरात्रीच्या सुमारास ही व्यवस्था अल्पकाळ विसावते. परंतु एखादे दप्तर १०० टेराबाइटचे असेल आणि सेकंदाला ५०० मेगाबाइट या वेगाने उतरवून घेतले, तर सुमारे ५५ तास लागतात. एवढा वेळ कोणता कारभार बंद ठेवता येईल?

यावर योजलेला उपाय आपल्या घरगुती व्यवहाराहून फारसा निराळा नाही. प्रथम कोणत्या कामाचे कागद कोठे आहेत, याची यादी करतात. नंतर काम करणारी प्रणाली आणि कपाट यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवितात. कागद कोणत्या कपाटात आहे, हे आता केवळ तोच जाणतो. जुन्या नोंदींची नक्कल मागे सावकाश चालू राहते. ती फार घाईने केली, तर खिडकीवरचे काम मंदावते. त्याच वेळी प्रत्येक नवी नोंद दोन्ही कपाटांत लिहिली जाते आणि दोहोंकडून पोच आल्यावरच ती पक्की समजतात. पुढे दोन्ही दप्तरे ताडून पाहिली की मध्यस्थ नव्या कपाटाकडे वळतो. खिडकीवरच्या माणसास त्याचा पत्ताही लागत नाही.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. प्रवाशाचे पैसे जमा झाल्याची आणि त्यास आसन दिल्याची, अशा दोन्ही नोंदी एकत्र व त्याच क्रमाने जाव्या लागतात. पैसे नव्या कपाटात आणि आसन मात्र जुन्यात, असे झाले तर दोन्ही दप्तरे खोटी ठरतात.

तरीही नक्कल बिनचूक उतरली म्हणजे सर्व साधले, असे नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ५२ लाख ग्राहकांचा कारभार नव्या प्रणालीवर नेला. त्या स्थलांतराचा पसारा केवळ कपाट बदलण्याहून कितीतरी मोठा होता. दप्तर सुखरूप पोचले. पण नवी प्रणाली त्या भाराखाली डळमळली. लोकांना स्वतःच्याच खात्यातील पैसे मिळेनात. कारभार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. म्हणूनच आम्ही नव्याकडे वळल्यावरही काही दिवस प्रत्येक नोंद जुन्या कपाटात लिहीत राहतो. बिघाड झालाच, तर मागे फिरता यावे.

परतीच्या वाटेचे मोल या भूमीवर निराळे सांगावयास नको. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकून भाऊसाहेबांची फौज उत्तरेस असता अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व मराठी छावणी यांच्या मध्ये उभा राहिला. रसद तुटली, माघारीची वाट मिटली आणि अडीच महिन्यांच्या कोंडीनंतर १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. त्या संहाराशी यंत्रांच्या अडचणीची तुलना करणे अप्रशस्त होईल. परंतु पुढे जाताना मागची वाट राखावी, हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्या घरचे बोलतो. पन्नास वर्षांची सभासदांची नोंदवही, इतिवृत्ते, गणेशोत्सवाची छायाचित्रे ही आपल्या मंडळाची संपत्ती होय. घरापासून इतक्या दूर आपण मराठी म्हणून कसे नांदलो, याचा दुसरा पुरावा कोठे मिळणार? ही सामग्री आज ना उद्या संगणकात जाईल आणि दर काही वर्षांनी नव्या यंत्रात हलवावी लागेल. तेव्हा यादी आधी करा, नक्कल मुळाशी ताडून पाहा आणि तोवर जुने टाकू नका. शिवाय एक प्रत अन्यत्र निराळी ठेवा. दोन्हीकडे एकाच वेळी लिहिले, तर चूकही दोन्हीकडे लिहिली जाते. अशा वेळी ती निराळी प्रतच उपयोगी पडते.

पन्नास वर्षे ज्यांनी हे दप्तर हाताने लिहून जपले, त्यांना वंदन करून मी आपली रजा घेतो.