फुटलेला गट पुन्हा उभा राहतो तेव्हा

(कात्रज परिसरातील महिला मंडळे, बचत गट आणि युवती गट यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्याचा विषय 'गट कसा टिकवायचा' हा आहे आणि मी बोलणार आहे रॉक बँडबद्दल. पत्रिका हातात पडल्यावर संतोषनगरच्या दोघीतिघींनी मला विचारलंच, "ताई, बचत गटाच्या बैठकीत हे काय नवीन काढलंत?" म्हणून आधी कारण सांगते.

आपलं गाणी-पथक बंद पडून दोन वर्षं झाली. आठ जणींचं पथक होतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला, ८ मार्चला, दारूबंदीच्या मोर्चात, रेशनच्या धरण्यात त्या गायल्या. मग फुटलं. ढोलकी आणि दोन डफ आपल्या खोलीत माळ्यावर पडून आहेत. आज जेवणानंतर आपल्याला ठरवायचं आहे की, ही वाद्यं विकून पैसे गटाच्या खात्यात भरायचे, की पथक पुन्हा उभं करायचं. तिसरी बाजू आहे युवती गटाच्या मुलींची. त्या म्हणतात, "आम्हांला ढोलकी नको, गिटार आणि ड्रम पाहिजेत. आम्ही बँड काढतो." त्यांच्या या म्हणण्यावर काही जणी हसल्या. मला मात्र वाटलं की मुलींचं म्हणणं धरूनच या प्रश्नाकडे पाहावं. एखादा बँड उभा राहतो, फुटतो आणि पुन्हा एकत्र येतो, तेव्हा नेमकं काय काय घडतं?

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. १९८४ साली मुंबईत काही तरुणांनी 'रॉक मशीन' नावाचा बँड काढला. कर्कश गिटार, जोरकस ड्रम, इंग्रजी गाणी. याला हार्ड रॉक म्हणतात. महेश तिनईकर हे त्यातले सुरुवातीपासूनचे गिटारवादक. पुढे उदय बेनेगल मुख्य गायक झाले. त्या काळात असे बँड कॉलेजच्या महोत्सवांत परदेशी गाण्यांच्या नकला करायचे. श्रोत्यांनाही तेच हवं असायचं. या मंडळींनी मात्र आपली स्वतःची गाणी लिहायला आणि वाजवायला घेतली. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला, १९९० मध्ये दुसरा. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला होता, त्यामुळे अशा गाण्यांना एक हक्काचं व्यासपीठही मिळत होतं.

मग केबल टीव्ही आला. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' असं ठेवलं आणि त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक मिळालं. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. म्हणजे सगळं चढतीवर होतं. आणि १९९७ मध्ये बँड बंद झाला!

बाहेरून पाहताना अशा वेळी आपण विचारतो, "कुणाचं कुणाशी भांडण झालं?" हा प्रश्न अपुरा आहे. त्या वर्षांत बाजार कसा होता ते बघा. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचं 'मेड इन इंडिया' घरोघर पोचलं आणि हिंदी पॉपची लाट आली. कंपन्यांचे पैसे तिकडे वळले. इंग्रजीत, स्वतःचं, कर्कश गाणाऱ्यांना जागा उरली ती फार थोडी. माणसं तीच आणि कष्टही तेवढेच, पण पायाखालची जमीन सरकली. गट फुटतो तेव्हा स्वभाव जेवढे कारणीभूत असतात, तेवढीच परिस्थितीही असते. बायकांच्या गटाबाबत मात्र लगेच म्हटलं जातं, "बायका एकत्र आल्या की भांडणारच." पुरुषांचा बँड फुटला की त्याला 'कलाविषयक मतभेद' म्हणतात, आणि बायकांचं पथक फुटलं की 'नळावरचं भांडण'!

पुढची गोष्ट आजच्या चर्चेसाठी जास्त महत्त्वाची आहे. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कला जाऊन 'आम्स फॉर शांती' नावाने वेगळं संगीत केलं. बाकीचेही आपापल्या वाटेने गेले. आणि २०१० मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, 'इंडस क्रीड' पुन्हा उभा राहिला. जुन्यांपैकी तिघे परत आले: बेनेगल, तिनईकर आणि की-बोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया. बास गिटारसाठी रुशाद मिस्त्री आणि ड्रमसाठी जय रो कवी हे दोघे नवे घेतले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला. यातल्या दोन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. एक, सगळे जुने परत येईपर्यंत ते थांबले नाहीत. दोन, नुसत्या जुन्या गाण्यांवर भागवलं नाही, नवी गाणी केली.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हांला ब्रूस टकमन यांची गटाच्या वाटचालीची मांडणी शिकवतात. १९६५ ची आहे. गट आधी जमतो, मग त्यात वादळं होतात, मग रीत बसते, मग काम होतं. १९७७ मध्ये त्यात विसर्जन ही पाचवी पायरी घातली गेली. मांडणी उपयोगी आहे, पण ती तिथेच संपते. विसर्जनानंतर पुन्हा जमण्याची पायरी त्यात नाही. आपल्याला नेमकी तीच शोधायची आहे.

आता आपल्या बाजूने प्रश्न विचारू. हे सगळे पुरुष होते. तेरा वर्षांनी परत येऊन मंचावर उभं राहणं पुरुषाला कशामुळे जमतं? मधल्या काळात त्याची गिटार त्याचीच राहते. लग्नाने त्याचं नाव बदलत नाही, गाव बदलत नाही. रात्री अकराला कार्यक्रम संपवून तो घरी आला तर कुणी दारात उभं राहून जाब विचारत नाही. बाईचं तसं नाही. कॉलेजात तबला किंवा गिटार वाजवणाऱ्या किती मुली तुम्ही पाहिल्या असतील! तिशीनंतर त्यातल्या किती जणींच्या हातात वाद्य दिसतं? त्यांचा बँड फुटला असं कुणी म्हणत नाही. 'लग्न झालं' एवढंच म्हणतात. ज्या फुटीला फूटसुद्धा म्हटलं जात नाही, ती सांधणार कशी?

आणि कधीकधी मुलींचा बँड फुटत नाही, फोडला जातो. श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला होता. प्रगाश म्हणजे प्रकाश. डिसेंबर २०१२ मध्ये त्या पहिल्यांदा स्पर्धेत वाजवल्या आणि बक्षीस मिळवलं. लगेच इंटरनेटवरून शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुख्य मुफ्तींनी फतवा काढला आणि मुलींनी बँड बंद केला. हे ऐकून 'तिकडचे लोकच तसे' असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे फतवा निघत नाही. आपल्याकडे चुलता म्हणतो, "स्थळं यायची बंद होतील," आणि काम होऊन जातं.

पण बायका परत येतच नाहीत असंही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९८५ मध्ये 'एल सेव्हन' नावाचा बँड सुरू झाला. पुढे त्यात चौघी बायका होत्या आणि वाजवणं पुरुषांच्या तोडीचं, किंबहुना त्याहून कर्कश. १९९२ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम गाजला. त्याआधी १९९१ मध्ये त्यांनी गर्भपाताच्या हक्कासाठी 'रॉक फॉर चॉइस' नावाने मदतीचे कार्यक्रम सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. नामवंत पुरुष बँडही त्यात येऊन वाजवले. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने काही अटींवर गर्भपाताला मान्यता आहे. त्यांच्याकडे १९७३ च्या न्यायालयीन निकालाने मिळालेला हक्क जून २०२२ मध्ये न्यायालयानेच काढून घेतला. मिळालेला हक्क कायमचा असतो असं समजून गाणं थांबवायचं नसतं, हे यातून शिकायचं. हा बँड २००१ मध्ये थांबला. पुढे त्यांच्यावर माहितीपट निघाला, त्यासाठी चाहत्यांनी वर्गणी दिली. डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा एकत्र येण्याची घोषणा झाली आणि २०१९ मध्ये, वीस वर्षांनी, नवा अल्बम आला. त्या चौघी तेव्हा पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे होत्या.

आता आपल्या पथकाकडे येते. ते का फुटलं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, पण उघड कुणी बोलत नाही. एका उमेदवाराच्या प्रचारात गायला बोलावणं आलं, मानधन चांगलं होतं. निम्म्या म्हणाल्या घ्यावं, निम्म्या म्हणाल्या नको. ज्या 'घ्यावं' म्हणाल्या त्यांना स्वार्थी ठरवलं गेलं. त्यातली एक धुण्याभांड्याची चार कामं करते. एका संध्याकाळच्या गाण्यासाठी तिचा खाडा व्हायचा, तो आपण कधी भरून दिला का? तत्त्व महत्त्वाचं आहेच, पण तत्त्वाची किंमत सगळ्यात गरीब बाईने एकटीने मोजायची, हे संघटनेला शोभत नाही. 'इंडस क्रीड'पुढे बाजार होता, आपल्यापुढे निवडणूक होती. प्रश्न एकच: कुणाच्या पैशावर, कुणाचं गाणं गायचं?

दुसरं कारण वेळेचं. तालीम रात्री आठला ठेवली होती. आंबेगावच्या बाईला कात्रज चौकातून पुढची बस मिळेना. तिच्या घरी रोज वाद, शेवटी तिने येणं सोडलं आणि आपण तिचं नाव यादीतून काटलं.

म्हणून पथक पुन्हा उभं करायचं असेल तर मी पाच गोष्टी मांडते. पटतील त्या घ्या, न पटतील त्यांवर भांडा.

पहिली, वाद्यं गटाच्या मालकीची आहेत हे ठरावात लिहायचं. कुणाचा नवरा रागावला म्हणून ढोलकी अडकून पडता कामा नये.

दुसरी, मानधन, प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांची वेगळी वही ठेवायची. वही सगळ्यांसमोर वाचायची.

तिसरी, राजकीय पक्षांच्या मंचावर गायचं की नाही, हे आत्ताच, बोलावणं आलेलं नसताना ठरवायचं. पाकीट समोर असताना तत्त्वाची चर्चा नीट होत नाही.

चौथी, तालीम रविवारी दुपारी ठेवायची. मुलं सांभाळायला दोघींची पाळी लावायची. बाळंतपण, आजारपण, सासूची शुश्रूषा यांसाठी जी थांबेल तिचं नाव यादीत राहील. तिने परत यायचं ठरवलं की कारण न विचारता जागा द्यायची.

पाचवी, मुलींना वाव द्यायचा. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' नाटकाने गावोगाव बायकांना बोलतं केलं. तेव्हा तो प्रकार नवाच होता. आज आपल्या मुलींना ड्रम वाजवावासा वाटतो तर वाजवू दे. पुण्यात ढोल-ताशा पथकांत मुली कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात, तेव्हा टाळ्या पडतात. तोच हात देवाच्या मिरवणुकीत चालतो आणि स्वतःच्या गाण्याला चालत नाही, हे कुठलं गणित? ढोलकी आणि गिटार एकत्र वाजल्याने कुणाचं काही बिघडणार नाही. मुलींनी जुन्या बायकांची गाणी शिकावी, बायकांनी मुलींचा ठेका शिकावा.

आठहीजणी परत येणार नाहीत हे मला माहीत आहे. एक गावी गेली, एकीचे गुडघे गेले. तिघी आल्या तरी सुरुवात होते, बाकीच्या नव्या. ज्या दोघींनी दोन वर्षं एकमेकींशी बोलणं टाकलं आहे, त्या दोघीही आज या हॉलमध्ये आहेत. त्यांनी गळ्यात गळे घालावेत अशी माझी अपेक्षा नाही. एका चटईवर बसून एक गाणं बसवता आलं तरी पुष्कळ झालं. मैत्री नंतर होईल, नाही झाली तरी काम होईल.

जेवणानंतर हात वर करून मतदान घेऊ. त्याआधी कुणीतरी माळ्यावरून ढोलकी खाली काढा. दोन वर्षांत शाई वाळली असेल, पानं सैल पडली असतील. दुरुस्तीला किती खर्च येईल ते विचारून ठेवा, म्हणजे ठराव मांडताना आकडा हाताशी असेल.