वाढत्या अंगाचं

दुकानात मुलीला घेऊन शिरलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, “किती वर्षांची आहे, ताई?” मुलगी समोरच उभी असते, पण प्रश्न आईला. आई सांगते, “आठवं लागलंय.” मग दुसरा प्रश्न, “मापात दाखवू, का वाढत्या अंगाचं?” पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, नागपूरची सीताबर्डी असो, कोल्हापूरचा महाद्वार रोड असो की दादरचं मार्केट, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हे दोन प्रश्न दिवसभर कानावर पडत राहतात.

वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला फ्रॉक पहिल्या वर्षी खांद्यावरून घसरतो, दुसऱ्या वर्षी नीट बसतो आणि तिसऱ्या वर्षी काखेत काचतो. मग तो धाकटीकडे जातो आणि तिच्याकडेही हेच फेरे घेतो. घरखर्च नेमका असतो, मुली झपाट्याने वाढतात. आईबापांचा हिशेब चुकीचा आहे असं कोणी म्हणू नये. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते: तो फ्रॉक घालून मुलीने दिवसभर काय करायचं आहे.

कपडेखरेदीसारख्या घरगुती विषयाला व्याख्यानमालेचा मांडव कशाला, असं काही श्रोत्यांना वाटेल. त्याचं उत्तर या प्रथेच्या सुरुवातीपाशीच आहे. महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, १८७५ साली, पुण्यात. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. ते एकतीस वर्षांचे होते आणि वधू रमाबाई अकरा. त्या काळी लग्न झालं की मुलीच्या अंगावरचं परकर-पोलकं जाऊन लुगडं येई. शाळेत जायच्या वयात ती लुगड्याचा घोळ सावरत पाणी भरायला लागे. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर गेलं आणि त्यावरूनही केवढं रण माजलं. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं. मुलीचं बालपण किती वर्षांचं, यावर समाज दीडशे वर्षं भांडत आला आहे आणि ते संपल्याची पहिली दवंडी पिटली ती कपड्यानेच. विषय घरगुती आहे, पण लहान नाही.

त्या परकराविषयी मात्र दोन शब्द प्रेमाने बोलायला हवेत. गुळेदगुड्डचा खण पोलक्याला, खाली सुती किंवा रेशमी काठाचा परकर, कमरेला नाडी. अंग भरलं तर नाडी सैल करायची. उंची वाढली तर? त्याची सोय शिंपी आधीच करून ठेवायचा. परकराच्या घेराला खालच्या बाजूने दोन-तीन आडवे टक घातलेले असत. दरवर्षी एक टक उसवायचा, परकर चार बोटं लांब व्हायचा आणि उसवल्या जागी गडद रंगाची एक रेघ उरायची. वाढत्या अंगाचा विचार इथेही होता. फरक एवढाच की मुलीला मोठ्या मापात ढकलण्याऐवजी कपडाच तिच्याबरोबर वाढत होता. तयार कपड्यांच्या बाजारात हा टक जवळजवळ नाहीसा झाला आहे. शिलाईच्या आत अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापड सापडलं तर नशीब.

तयार कपड्यावर असतो तो वयाचा आकडा. ‘७-८ वर्षे’ असं लेबलवर लिहिलेलं असतं आणि घाऊक बाजारात फ्रॉकचे २२, २४, २६ असे नंबर चालतात. पण मुली लेबल वाचून वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मध्यम उंची १२६ सेंटिमीटरच्या थोडी वर आहे, आणि सुमारे ११५ पासून १३८ पर्यंत कुठलीही उंची वाढीच्या नेहमीच्या पट्ट्यात मोडते. एकाच बाकावरच्या दोन निरोगी मुलींमध्ये वीतभर अंतर असू शकतं. भारतीय अंगाची मापं शास्त्रशुद्ध घेण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ हा मोठा प्रकल्प हाती घेतला, त्यात मुंबईसह सहा शहरांतली २५ हजार माणसं मोजायचं ठरलं. वयोगट मात्र १५ ते ६५ वर्षांचा. म्हणजे ज्या वयात अंग सर्वांत वेगाने बदलतं, तेच वय त्या मोजपट्टीबाहेर राहिलं. तेव्हा दुकानात वय सांगण्यापेक्षा उंची आणि छातीचं माप सांगावं. घरातून निघताना टेपने घेतलेली दोन मापं चिठ्ठीवर लिहून न्यावीत, किंवा मुलीला आज छान बसणारा एखादा जुना फ्रॉक पिशवीत टाकावा आणि नवा त्यावर ठेवून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता नव्या दुकानातली झगमग. लग्नसराईत चार वर्षांच्या मुलीच्या मापात घागरा-चोळी येते, तीही थेट नवरीच्या घागऱ्याची छोटी प्रत. पाठ उघडी, मानेमागे दोरी, दोरीला जड लटकन, पोट मोकळं, जाळीच्या कापडावर टिकल्या, घेर फुलावा म्हणून आत कडक कॅनकॅन. फोटोत मुलगी बाहुलीसारखी दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात, मंगल कार्यालयात, तासाभराने ती रडायला लागते आणि घरचे म्हणतात, किरकिर करते आहे. तिची चोळी उलटी करून स्वतःच्या मानेवर घासून पाहिली तर किरकिरीचं कारण लगेच कळेल. अस्तर सुती आहे का, टिकल्यांचे दोरे आतून मोकळे आहेत का, काखेची शिवण जाडी आहे का, हे कपड्याच्या उलट्या बाजूलाच कळतं. खरेदीला गेलेल्या बायका साडीचा पदर उलटा करून पाहतात. मुलीच्या चोळीला तो मान मिळत नाही.

त्या लटकनचं तर वेगळंच आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ सालीच सांगितलं की मुलांच्या कपड्याला टोपीत आणि गळ्याशी दोऱ्या नकोत, कारण घसरगुंडीवर, बसच्या दारात दोरी अडकून मुलं दगावली होती. युरोपातल्या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी दोरी चालत नाही. तिरुपूरसारख्या शहरांतून परदेशी जाणारा कपड्यांचा माल हे नियम पाळूनच पाठवावा लागतो. आपल्या बाजारात मात्र बागेत, झोक्यावर, पाळण्यात जाणाऱ्या मुलीच्या मानेमागे वीतभर गोंडा लोंबत असतो. तो घरी आल्यावर कात्रीने कापून तिथे साधं बटण लावावं, शोभा काही कमी होत नाही. दिवाळीत पणत्या-फुलबाज्यांजवळ जाताना जाळी, नायलॉन, घोळदार घागरा नकोच. सुती, अंगाबरोबरचा कपडा हवा. पेटलेलं नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, हे जळित विभागातल्या कुठल्याही परिचारिकेला ठाऊक असतं.

लहान मुलीला मोठ्या बाईसारखं सजवण्याची ही ओढ फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली सात वर्षांच्या मुलींच्या मापात पॅड लावलेली बिकिनी विक्रीला आली. आयांनी गलका केला आणि एका बड्या दुकानसाखळीला ती मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, बालपणाच्या बाजारीकरणावरचा रेग बेली यांचा अहवाल सरकारला सादर झाला आणि तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने मुलांच्या कपड्यांसाठी आचारसंहिता आखली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या केनियन कॉलेजच्या अभ्यासकांनी पंधरा दुकानांच्या संकेतस्थळांवरचे मुलींचे ५,६६६ कपडे तपासले. सुमारे तीस टक्के कपड्यांमध्ये प्रौढ स्त्रीच्या देहाकडे लक्ष वेधणारं काही ना काही होतं. विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. त्यातल्या बहुतेक कपड्यांवर लहानपणाची खूणही होतीच, फुलं, गोड रंग, पोरसवदा नक्षी. आईची नजर त्या फुलांवर थांबते आणि बाकीचं निसटतं.

टीशर्टवरच्या इंग्रजी वाक्यांचंही असंच होतं. गुलाबी रंग आणि चमकी बघून टीशर्ट पिशवीत पडतो, छातीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. अमेरिकेतल्या एका दुकानाला २०११ मध्ये सात ते सोळा वर्षांच्या मुलींसाठी काढलेला टीशर्ट मागे घ्यावा लागला. त्यावरच्या मजकुराचा मथितार्थ असा, की मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ कशाला करू, तो माझा भाऊ करतो. रस्त्यावरच्या ढिगातून उचललेल्या टीशर्टवर याहून वाईट सापडतं. विकत घेण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचावं, मराठीत त्याचा अर्थ सांगावा. आजीसमोर सांगायला जीभ अडखळली तर टीशर्ट परत ढिगात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलीशी कोणी वाईट वागला तर दोष त्याचा, तिच्या फ्रॉकच्या उंचीचा कधीच नाही. अंगभर कपड्यातल्या मुलींनाही लोकांनी छळलं आहे. वयाला साजेसं याचा अर्थ लोकांच्या नजरेपासून झाकणारं, असा घेतला की पाचवीतल्या मुलीला उन्हाळ्यात ओढणी येते आणि तिचं पळणं थांबतं. उघड्या पाठीची चोळी आणि लादलेली ओढणी, दोन्ही तिच्याकडे मोठी बाई म्हणूनच बघतात. कसोटी तिच्या दिवसाची लावावी. हा कपडा घालून ती मांडी घालून जेवायला बसेल का, लंगडी खेळेल का, हात वर करून फळा पुसेल का, शाळेच्या स्वच्छतागृहात चेन, नाडी, हूक स्वतःचं स्वतः उघडेल का? ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं गोल फिरवून हे कळत नाही. तिला उकिडवं बसवावं, हात वर करायला सांगावं, दोन उड्या मारू द्याव्यात. दुकानातली माणसं बघतील, बघू द्यावं.

सगळ्यांत अवघड वय आठ ते तेराचं. मुलींच्या छातीची वाढ या काळात कधीही सुरू होते. कोणाची तिसरीत, कोणाची सातवीत, आणि दोन्ही वेळा ती निरोगीच असते. नेमकं याच वयात दुकान तिला टोलवतं. लहान मुलींच्या विभागात फुग्यांच्या बाह्या आणि अस्वलाची चित्रं, पलीकडच्या ‘लेडीज’मध्ये थेट मोठ्या बाईचे गळे. ती खांदे पुढे घेऊन, पाठीला पोक काढून चालायला लागते, आणि घरात कोणीतरी म्हणतं, नीट उभी राहा. तिला त्या वेळी सूचना नको असते, सुती शमीज हवी असते. मऊ, दुहेरी कापडाची, तार-पॅड नसलेली शमीज किंवा पहिली साधी ब्रा, छातीचं माप घेऊन, तीन-चार नग. ती घेताना आईने आवाज खाली आणू नये. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलेली वस्तू हातात आली की मुलगी तेवढ्यात शिकते की आपल्याला काहीतरी लपवण्यासारखं झालं आहे. फ्रॉकबरोबर, त्याच बिलावर, त्याच पिशवीत ती यावी. गडद रंगाच्या दोन निकर आणि शाळेच्या स्कर्टखाली घालायची सुती शॉर्ट्सही त्याच खेपेला. बापानेही सोबत असायला हरकत नाही. बिल देण्यापुरतं दारात उभं राहण्याची रीत आता मोडावी.

अनेक मुलींच्या अंगावर वर्षातले दोनशे दिवस असतो तो गणवेश, आणि तिथे खरेदीचा निर्णय घराच्याही हातात नसतो.  आपल्या राज्यात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांमधल्या मुलांना गणवेश मोफत मिळतो. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड एका ठिकाणाहून घेऊन बचत गटांकडून शिलाई करून घेण्याचा प्रयोग झाला. कित्येक शाळांत सत्र सुरू होऊन महिने लोटले तरी गणवेश पोहोचले नाहीत, जे पोहोचले त्यांच्या मापांच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षासाठी हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. ते योग्यच झालं. मुलीचं माप घेणारा माणूस तिला बघू शकेल एवढा जवळ हवा. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने तर मुलगा-मुलगी सर्वांना सारखाच शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी दिली. स्कर्ट वर जाईल म्हणून खेळताना अंग चोरणाऱ्या मुली त्या चड्डीत मोकळ्या पळू लागल्या. त्यासाठी ना मोठा निधी लागला, ना कायदा. शिक्षक आणि पालक एकत्र बसले, एवढंच.

राहता राहिला खिसा. मुलाच्या चड्डीला दोन खिसे, शर्टाला एक. त्याच वयाच्या मुलीच्या फ्रॉकला बहुतेक वेळा एकही नाही, आणि जीन्सला असला तर नुसती टीप मारलेला खोटा. मोठेपणीही हे चालूच राहतं: ‘द पुडिंग’ या प्रकाशनाने २०१८ मध्ये अमेरिकी जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल भरला. घागऱ्याच्या गोंड्यावर पैसे घालणाऱ्या कापड उद्योगाला मुलीच्या फ्रॉकला खिसा लावणं परवडत नाही, हे काही पटत नाही. दुकानात खिसा मागावा, प्रत्येक वेळी मागावा. गिऱ्हाईक मागतं ते दुकानदार पुढच्या खेपेला आणतो. तोवर कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्या काकांकडे जावं. फ्रॉकच्या बाजूची शिवण चार इंच उसवून, आत तळहाताएवढ्या सुती कापडाची पिशवी लावायला त्यांना पाव तास लागतो. काका मापासाठी मुलीचा हात मागतात. ती मूठ मिटून पुढे करते, म्हणजे आत काहीतरी धरल्यावर ती मूठ जेवढी होते तेवढी, आणि काका खडूने रेघ थोडी बाहेरून मारतात.